शंभरातले सत्तावीस

लिफ्ट तपासण्यात ज्यांची सगळी नोकरी गेली ते इन्स्पेक्टर स्वतः मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहत. कोणी त्यावरून छेडलं तर म्हणत, "लिफ्टच्या आत काय काय असतं ते मला ठाऊक आहे." निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी इमारतीतली लहानथोर मंडळी त्यांना अजून इन्स्पेक्टरच म्हणत, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही म्हटलेलं त्यांना आवडलंही नसतं.

वय त्रेसष्ट. रक्तदाबाची गोळी बारा वर्षांपासून, साखरेची आठ वर्षांपासून. दोन्ही गोळ्या ते घेत, पण ऑफिसातल्या कटकट्या साहेबाला नमस्कार करावा तशा. समोर आल्याच तर. सिगारेटी दिवसाला चार. त्या ते तिसऱ्या मजल्याच्या वर, गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर ओढत, बायकोला कळू नये म्हणून. बायकोला कळत होतंच. कळत असल्याचं आपल्याला कळलेलं नाही, असा चेहरा करून इन्स्पेक्टर घरात शिरत, एवढंच.

मंगळवार हा आरोग्य केंद्रातला बीपी-शुगरवाल्यांचा दिवस. त्या मंगळवारी सिस्टरनी त्यांच्या दंडाला पट्टा आवळला, आकडा पाहिला आणि कॉम्प्युटरकडे खुर्ची वळवली. केंद्रात नवा प्रोग्रॅम आला होता. वय त्यांनी विचारलं, पुरुष हे न विचारता भरलं. वरचं बीपी एकशे अठ्ठावन्न. कोलेस्टेरॉल मागच्या आठवड्याच्या रिपोर्टातलं. साखर, आहे.

"सिगारेट?"

"अधूनमधून."

"काका, इथे 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन आहेत."

"मग तुमचा प्रोग्रॅम अपुरा आहे."

सिस्टरनी 'हो'वर टिचकी मारली. पडद्यावर नारिंगी पट्टा उमटला आणि त्यात सत्तावीस हा आकडा.

"म्हणजे असं बघा," सिस्टर म्हणाल्या, "तुमच्यासारखी शंभर माणसं घेतली, याच वयाची, एवढंच बीपी, अशीच साखर, अशीच सिगारेट, तर येत्या दहा वर्षांत त्यातल्या साधारण सत्तावीस जणांना हार्ट अटॅक तरी येतो नाहीतर लकवा तरी."

"कोणत्या सत्तावीस जणांना?"

"ते नाही सांगता येत."

"म्हणजे मी त्र्याहत्तरांतला असू शकतो."

"असू शकता. नसूही शकता."

इन्स्पेक्टर खुर्चीत पुढे सरकले. समोरच्याच्या यंत्रात काहीतरी कच्चं आहे असा वास आला की ते असेच सरकत. मी दिवसातून तीनदा तीन मजले चढतो, ते यात कुठे भरलं? ते यात येत नाही, सिस्टर म्हणाल्या. माझे वडील ब्याण्णव वर्षं जगले, ते? तेही नाही. बरं, मग सिगारेट सोडली असं समजा. सिस्टरनी 'नाही'वर टिचकी मारली. आकडा वीसवर आला. बीपी एकशे तीस समजा. पंधरा. इन्स्पेक्टरांचा चेहरा उजळला.

"आणि वय पंचेचाळीस समजा."

"ते तेवढं तुम्ही घरून करून आणा," सिस्टर म्हणाल्या, "मी लगेच भरते. पुढचे कोण?"

घरी आल्यावर त्यांनी निकाल जाहीर केला. "त्र्याहत्तर टक्के. डिस्टिंक्शन दोन मार्कांनी हुकलं."

बायको पालेभाजी निवडत बसली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने एकतीस वर्षं काढली होती. समोरचा माणूस काय बोलतोय यापेक्षा काय गाळतोय, ते ऐकायची तिला सवय होती. इमारतीत तिला हॅलोताई म्हणत. तिने दोन प्रश्नांत उरलेले सत्तावीस काढून घेतले. मग हातातली जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "एक विचारू? शंभर लिफ्टमधल्या सत्तावीस दहा वर्षांत कोसळणार असं कळलं असतं, तर तुम्ही कागदावर सही केली असती?"

इन्स्पेक्टरांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, पाणी प्यायले. "सील ठोकलं असतं," ते शेवटी म्हणाले.

"मग ठोकायचं का?"

त्या दिवसापासून घरात तपासणीचं राज्य सुरू झालं. इन्स्पेक्टरांनी एक जाड वही आणली, रकाने आखले, आणि बीपीचं यंत्र घेऊन आले. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पाच मिनिटं गप्प. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, कारण गोळीचाही एक रकाना होता आणि रकाना मोकळा राहिलेला त्यांच्याने बघवत नसे. हॅलोताईंनी मिठाची बरणी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर चढवली. बिस्किटांचा डबा कुठे गेला ते इन्स्पेक्टरांना सापडलं नाही, आणि शोधताना सापडणं परवडणारं नव्हतं. जेवताना ती समोर बसून त्यांच्या ताटाकडे अशी बघे की त्यांना आपण परीक्षेला बसलोय असं वाटे.

"तुझंही एकदा मोजूया," ते म्हणत.

"मला काय धाड भरलीय? मला आजारी पडायला वेळ कुठे आहे?"

"शेवटचं कधी मोजलं होतंस?"

"एक्स्चेंज बंद झालं तेव्हा."

"त्याला सात वर्षं झाली."

"तेव्हा चांगलं होतं. चांगली वस्तू सारखी सारखी तपासू नये, बिघडते."

तीस वर्षं ज्यांनी नेमकं याच्या उलट लोकांना सांगितलं, त्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागे. ऐकून घेत, कारण चार सिगारेटींच्या दोन झाल्या होत्या, आणि 'दोन' हा आकडा वहीत कुठेही नव्हता; तिथे सिगारेटपुढे शून्य होतं.

त्या दोनांपैकी एक ते सकाळी अकराला ओढत. अकराला हॅलोताई भाजी घेऊन परत येई. वळणावर उभं राहिलं की कठड्यावरून खाली, जिन्याच्या पोकळीतून थेट तळमजल्यापर्यंत दिसे. इन्स्पेक्टर तिथे उभे राहत ते पहाऱ्यासाठी; बायको दुसऱ्या मजल्याला आली की विझवायची आणि घरात सटकायचं, असा त्यांचा हिशेब होता. तर एके दिवशी ती दुसऱ्या मजल्याला आली आणि थांबली. पिशवी खाली ठेवली आणि नोटीसबोर्ड वाचायला लागली. इन्स्पेक्टरांनी सिगारेट विझवली, घरात गेले आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा थांबली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बोर्डावर एकच कागद होता, पाण्याची टाकी साफ करण्याविषयीचा, आणि टाकी साफ होऊन दोन महिने उलटले होते. चौथ्या दिवशी इन्स्पेक्टरांनी घड्याळावर वेळ मोजली. दीड मिनिट. त्या दीड मिनिटात तिने कागदाकडे एकदाही पाहिलं नाही. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हाताची मूठ छातीवर, जरा डावीकडे दाबलेली. मग तिने पदर नीट केला, पिशवी उचलली आणि वर आली, घरात शिरतानाच बोलत बोलत.

दोन मजल्यांच्या मध्ये विनाकारण थांबणाऱ्या लिफ्ट त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. दर वेळी तिथले रहिवासी एकच सांगत: थांबते कधीकधी, मग आपली आपण चालू होते. अशी लिफ्ट ते त्याच क्षणी बंद करत, कोणाचं काही ऐकत नसत.

इथे मात्र पंचाईत होती. "जिन्यात का थांबतेस?" असं विचारलं असतं, तर "तुम्हाला कुठून दिसलं?" हे पुढचं वाक्य ठरलेलंच. आणि त्याचं उत्तर होतं सिगारेट. इन्स्पेक्टर आडून आडून विचारत राहिले. भाजी जड असते का? मी आणू का? "तुम्ही?" ती म्हणाली. "मागे तुम्ही आणलेल्या वांग्यांना वांगी म्हणायलाही जीव धजेना." असे तीन आठवडे गेले. तेवढ्या दिवसांत दीड मिनिटाची दोन मिनिटं झाली.

मग त्यांनी एक युक्ती काढली. एका रविवारी सकाळी बीपीचं यंत्र पुढ्यात घेऊन ते बराच वेळ त्याच्याकडे संशयाने बघत बसले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"यंत्र बिघडलंय बहुतेक. दुसऱ्या कोणाच्या तरी दंडावर लावून बघायला हवं, म्हणजे कळेल."

"खालच्या मजल्यावरच्या पैलवानाला बोलवा."

"त्याच्या दंडाला पट्टा पुरणार नाही. तू बस पाहू दोन मिनिटं."

ती बसली, उपकार केल्यासारखी. पट्टा फुगत असताना तिने त्यांना बहिणीच्या सुनेची अख्खी हकीकत सांगितली. यंत्राने टुंग केलं. एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे चार.

"बघा, बिघडलंय," ती म्हणाली.

"बोलत होतीस म्हणून. आता गप्प बस."

"पाच मिनिटं? मी?"

पण ती बसली. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता तो ऐकू येऊ लागला, इतकी ती गप्प बसली. एकशे शहात्तर. इन्स्पेक्टरांनी पट्टा काढून स्वतःच्या दंडाला लावला. एकशे छत्तीस. मग पुन्हा तिच्या. एकशे शहात्तर. यंत्र ठणठणीत होतं.

"खोटं बोललात ना?" ती म्हणाली. "यंत्राबद्दल."

"हो."

"मग आधी तसं म्हणायचं होतं," ती उठत म्हणाली, पण त्या दिवशी तिने स्वतःच्या भाजीतही मीठ घातलं नाही.

मंगळवारी दोघं आरोग्य केंद्रात गेली. सिस्टरनी हॅलोताईंच्या बोटाला टोचलं. साखर चढलेली निघाली, आणि ती काही आजकालची नसावी, असं सिस्टर म्हणाल्या. मग खुर्ची कॉम्प्युटरकडे वळली. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नव्हता, पण अंदाजाने तोही हिशेब होतो म्हणे. नारिंगी पट्टा. एकोणतीस.

"यांचं किती आलं होतं?" हॅलोताईंनी विचारलं.

"सत्तावीस."

"म्हणजे मी पहिली." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "लग्नाच्या इतक्या वर्षांत यांच्या पुढे जायची संधी मिळाली नव्हती."

सिस्टर हसल्या. मग त्यांनी विचारलं, "चालताना, जिना चढताना काही त्रास? छातीत आवळल्यासारखं, दम लागणं?"

"नाही हो. या वयात जेवढं व्हायचं तेवढंच."

इन्स्पेक्टर भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. त्यावर एक उभं कापलेलं हृदय काढलं होतं, लाल आणि निळं. ते त्याच्याकडे बघतच म्हणाले, "ती दुसऱ्या मजल्यावर थांबते. रोज. छातीवर मूठ दाबून. आधी दीड मिनिट थांबायची, आता दोन. मग त्रास जातो आणि ती वर येते."

सिस्टरनी की-बोर्डवरचा हात काढला.

"खरं का, काकू?"

हॅलोताई नवऱ्याकडे बघत होती. "हो," ती म्हणाली.

"मग हा आकडा तुमच्यासाठी नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पडद्यावरचा नारिंगी पट्टा मिटवून टाकला. "ज्यांना अजून काही होत नाही त्यांच्यासाठी हा अंदाज असतो. तुम्हाला होतंय. आता अंदाज करत बसायचं नाही. चला, रांग सोडा, आत डॉक्टरांकडे."

दार लागलं. इन्स्पेक्टर बाहेरच्या बाकावर बसले. आत ईसीजी काढत होते. बाकावर त्यांच्या शेजारी एक म्हातारबुवा बसले होते. ते म्हणाले, मला एकोणीस आलेत, तुम्हाला किती? इन्स्पेक्टर बंद दाराकडे बघत राहिले. आयुष्यभर जी वाक्यं त्यांनी शिक्का मारून लिहिली होती, 'वापर तात्काळ थांबवावा' आणि 'पुढील तपासणीपर्यंत', ती एकामागून एक डोक्यात येत होती आणि त्यातलं एकही बायकोविषयी लिहिता येण्यासारखं नव्हतं.

ईसीजी बघून डॉक्टरांनी लगेच मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला. गाडी येईपर्यंत हॅलोताईंना एका खाटेवर बसवून ठेवलं होतं, जिभेखाली गोळी ठेवून. इन्स्पेक्टर जवळ जाऊन उभे राहिले.

"किती दिवस वरून बघत होतात?" तिने विचारलं.

"तीन आठवडे."

"वळणावरून."

"हो."

"सिगारेट ओढत."

"हो."

"आणि सिगारेटचं कळेल म्हणून बोलला नाहीत."

लिफ्टच्या बाबतीत कोणी असं केलं असतं, तर त्यांनी त्याची नोकरी घालवली असती. तसं ते म्हणाले. हॅलोताईंनी तोंड फिरवलं आणि गाडी येईपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. इतका वेळ ती गप्प राहिल्याचं त्यांनी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी मनगटातून बारीक नळी घालून तपासलं. हृदयाला रक्त नेणारी एक मोठी वाहिनी जवळजवळ बुजत आली होती. तिथेच जाळीची छोटी नळी बसवली, त्याला स्टेंट म्हणतात. डॉक्टर बाहेर येऊन सगळं नीट झाल्याचं सांगत होते आणि इन्स्पेक्टर त्यांना विचारत होते, नळीचा व्यास किती, धातू कोणता, आणि पुढची तपासणी कधी. डॉक्टरांनी शांतपणे तिन्ही सांगितलं. हे विचारून झाल्यावर मग इन्स्पेक्टर भिंतीला टेकले आणि त्यांना रडू आलं. डॉक्टरांनी तेही शांतपणे होऊ दिलं.

हॅलोताईंचं पहिलं वाक्य दुपारी आलं. "त्या सिस्टरला कळवलंत का?"

"कळवतो."

"कळवा. आणि बाकावरच्या एकोणीसवाल्या आजोबांना म्हणावं, एकोणीस म्हणजे काही कमी नाही. आत खाटेवर पडल्या पडल्या मला सगळं ऐकू येत होतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमच्यावर माझा राग आहे. तो काही एवढ्यात जायचा नाही. पण जेवायला आणलंय ते भरवा, या हाताला सुई लावलीय."

त्यांनी भरवलं. आळणी होतं. ती म्हणाली, आता कळलं, तुम्ही काय खात होतात ते.

सिगारेट सुटायला चार महिने लागले. मध्ये दोनदा हात घसरला. दोन्ही वेळा त्यांनी घरी येऊन आपणहून सांगितलं आणि दोन्ही वेळा बोलणी खाल्ली. बायकोच्या गोळ्यांचे रकाने वाढल्याने वही संपली, दुसरी आणावी लागली. हळूहळू जिना ती एका दमात चढू लागली, पण दुसऱ्या मजल्यावर आली की उगाच क्षणभर थांबून वर बघे. इन्स्पेक्टरांच्या काळजात धस्स होई. मग ती हसे आणि पुढे चालू लागे. हा छळ त्यांनी मुकाट्याने सोसला.

पुढच्या एका मंगळवारी सिस्टरनी त्यांचा आकडा पुन्हा काढला. पंधरा. "आणि माझा?" हॅलोताईंनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, काकू, तुमचा आता काढत नाहीत, तुम्हाला फक्त औषधं आणि तपासण्या. हॅलोताईंना ते मुळीच पटलं नाही. सगळ्यांना मार्क आणि मला नुसता शेरा, हा कुठला न्याय, असं ती घरी येईपर्यंत म्हणत होती.

घरी आल्यावर तिने कपाटातून एक फाटकी डायरी काढली. एक्स्चेंजमध्ये तिच्याबरोबर रात्रंदिवस हॅलो हॅलो केलेल्या बायकांचे नंबर त्यात होते. काही बदलले होते, दोघीजणी राहिल्या नव्हत्या. बाकीच्यांना तिने एकेक करून फोन लावला. बीपी कधी मोजलं होतंस, हा पहिला प्रश्न. मला काय धाड भरलीय, हे जवळजवळ प्रत्येकीचं उत्तर. त्यावर हॅलोताई म्हणे, "अगं, मीही तेच म्हणत होते, ऐक तर," आणि मग अर्धा तास इन्स्पेक्टरांना स्वतःचीच गोष्ट, दर वेळी थोडी जास्त वाईट होत गेलेली, शेजारच्या खोलीत बसून ऐकावी लागे.

पुढच्या मंगळवारी आरोग्य केंद्रात अकरा बायका आल्या, सगळ्या साठीच्या आसपास, सगळ्या एकाच वेळी बोलणाऱ्या. सिस्टरनी कपाळाला हात लावला. मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं, हे त्यांना समजावून सांगायचं काम इन्स्पेक्टरांवर आलं. त्यांनी आतल्या खोलीतून खुर्च्या आणल्या, भिंतीशी ओळीत लावल्या, आणि पहिल्या बाईंना म्हणाले, "पाठ टेकून बसा. पाय सपाट. आणि कृपा करून..."

"हे तुझे मिस्टर का गं?" त्या बाई त्यांच्याआडून हॅलोताईंकडे बघत म्हणाल्या. "फोनवर सांगत होतीस त्यापेक्षा बरे दिसतात."